नितळ चेहऱ्याची पोर

गोजा येळवंडेच्या विलायतेच्या कागदांत इंग्लंडच्या हॉस्पिटलाला खोट सापडली नाही, मुंबईच्या पासपोर्ट कचेरीलाही नाही. ती काढली तिच्या सख्ख्या आईनं, आणि तीही सून शोधता शोधता.

गोजा पिंपरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि चिंचवडला खोली घेऊन राहायची. १९५७ च्या उन्हाळ्यात मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलानं तिला सुईणपणाच्या शिक्षणासाठी जागा दिली. पत्रात साफ लिहिलं होतं, एक ऑक्टोबरला हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला जाईल. बोट सप्टेंबरात सुटणार होती. मेट्रनचं शिफारसपत्र, शाळेचा दाखला, लस टोचल्याचा दाखला, सगळं जमलं होतं. लस टोचताना डॉक्टर हसले होते. "तुला देवी येऊन गेल्यात, हे तोंडावरच लिहिलंय. पण बोटवाल्यांना कागद लागतो." लहानपणी आलेल्या देवींचे वण तिच्या गालांवर आणि नाकावर होते. पासपोर्टच्या अर्जात ओळखीच्या खुणेपुढे तिनं तेच लिहिलं होतं. आता पोलीस चौकशी तेवढी उरली होती.

श्रावणातल्या एका रविवारी ती निघोज्याला घरी गेली, तर आई सारजाबाई दारातच वाट बघत होती.

"गोजे, चाकणचा हवालदार आलता. पोरीचा फोटू घिऊन."

"कुठल्या पोरीचा?"

"नाव कुठं सांगतोय! आधी देवळापाशी म्हाताऱ्यांस्नी दावला. समदी म्हनली, आमच्या गावची न्हाई. मग आपल्या दारात आला. काय पोर हाय गं! गाल निस्तं लोन्यावानी. म्या इचारलं, हवालदार, कुनाची हो? लगीन ठरलंय का? आमी आमच्या बिरूचं बघतोय."

ओट्यावर दोर वळत बसलेला गोजाचा भाऊ बिरू खाली मान घालून हसला.

"मग हवालदार काय म्हनला?" गोजानं विचारलं.

"माझ्याकडं बघतच राह्यला. म्हनला, मावशी, तुमी हिला वळखत न्हाई? म्हनलं, न्हाई बा. पर वळख काढायला कितीसा येळ लागतोय?"

"आई, त्या पोरीच्या पदराला काठ कसला व्हता?"

"रुईफुलाचा. तुझ्या पातळावानी."

"माझंच पातळ त्ये. आई, ती मीच हाय."

"चल! माझी पोर मी वळखनार न्हाई व्हय? तुझ्या तोंडावर वण हायत. त्या पोरीच्या गालावर माशी बसली तर घसरून पडंल!"

फोटो चिंचवडच्या उद्धवरावांनी काढला होता. पाकीट उघडलं तेव्हा गोजानं तो नितळ चेहरा पाहिला होता आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं होतं. दवाखान्यातल्या आरशापेक्षा उद्धवरावांचा कॅमेरा मायाळू आहे, एवढंच मनाशी म्हणून तिनं तो अर्जाला लावला होता.

सोमवारी सकाळी ती चाकणच्या ठाण्यात उभी राहिली. हवालदार अर्जुनरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे.

"तुम्ही खऱ्या आहात, बाई. पण मला चौकशी फोटोची करायची असते. म्हणून मी आधी नाव सांगत नाही. नाव सांगितलं की गाव काहीही ओळखतं. आणि इथं तर जन्मदात्रीनं नाही म्हटलं."

"तुम्ही तसा अहवाल पाठवला?"

"अजून नाही. गुरुवारी डाक जाते. त्याआधी गाव ओळखेल असा फोटो आणा, मी पुन्हा जातो. नवा फोटो आणि तुमचा लेखी खुलासा जोडून कागद पुढे पाठवू. नाहीतर आहे तेच लिहावं लागेल, की ओळख पटत नाही."

तसं लिहिलं गेलं असतं तर फेरचौकशीतच बोट निघून गेली असती. गोजा मिळेल त्या गाडीनं चिंचवडला आली आणि थेट उद्धवरावांच्या दुकानात शिरली. मूळचे बार्शीचे उद्धवराव चष्मा नाकावर ओढून काचेच्या निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं बारीक टिंबं देत होते. कुणा नवऱ्या मुलाचं नाक सरळ होत होतं.

"काका, माझा फोटो पुन्हा काढा. वण दिसायला हवेत."

"छे, छे! सिस्टरबाई, माझ्या दुकानातून पोरीबाळींचा असा फोटो बाहेर पडलेला नाही. उद्या लग्न मोडलं तर लोक म्हणतील, उद्धवरावाच्या कॅमेऱ्यानं मोडलं."

"मी नवरा बघायला चालले नाही, बायकांची बाळंतपणं करायला चाललेय."

"तिकडं काय डोळे नसतात लोकांना? मी तुमच्याकडून वरचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. मायेनं केलं."

"त्या मायेपायी काय झालं ते ऐका. माझ्या आईनं मला सून करायला मागितलं. माझ्याच भावासाठी!"

उद्धवरावांची पेन्सिल थांबली. गोजानं सगळं सांगितलं, माशी घसरण्यासकट. उद्धवराव आधी खोकले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"बसा," ते म्हणाले. "पण हात शिवशिवेल माझा."

"म्हणून पेन्सिल माझ्याकडे द्या."

फोटो धुऊन वाळेपर्यंत गोजा ती पेन्सिल मुठीत धरून बाकावर बसली. उद्धवरावांनी प्रती पाकिटात घातल्या, पण मागं दुकानाचा शिक्का मारायला ते तयार होईनात. "एवढं मात्र सांगू नका," ते म्हणाले. गोजानंही ताणलं नाही.

गोजानं पाकीट ठाण्यात पोचवलं आणि बुधवारी अर्जुनराव निघोज्याला गेले. या वेळी देवळापाशी फोटो खिशातून पुरता बाहेर यायच्या आतच एक म्हातारा म्हणाला, "ही सावळारामाची गोजा की! हिला काय झालं?" सारजाबाईनं फोटो हातात घेतला आणि पदरानं पुसला.

"ही आमची गोजा. आता कसं!"

अर्जुनरावांनी ओळख पटल्याचं लिहिलं आणि निघाले, तर तिनं हाक मारली. "हवालदार, अन् ती मागची पोर? तिच्या घरचं काय म्हनले?"

अर्जुनराव सरळ माणूस. खोटं बोलायचं नव्हतं आणि खुलासा करत बसायला वेळ नव्हता. "मावशी," ते म्हणाले, "ती आता विलायतेला चालली."

पासपोर्ट बोटीच्या आठवडाभर आधी आला. चाकणच्या स्टँडवर बिरूनं ट्रंक टपावर चढवली. सारजाबाईनं गोजाच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली, दशम्यांचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि खिडकीशी तोंड नेऊन हळूच म्हणाली,

"गोजे, ती पोर बी तिकडंच गेलीया म्हनं. भेटली तर इचार. म्हनावं, घर चांगलं हाय, सासू खाष्ट न्हाई."

गोजानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण ओठांचा एक कोपरा हलत होता.

"इचारते," गोजा म्हणाली. "पर ती लई शिकल्याली हाय, आई. परत येईस्तवर थांबावं लागंल."

"थांबू की," सारजाबाई म्हणाली, आणि गाडी सुटली.