बाहुलीचे पाय

नगरपालिकेने कलासंवर्धनाचं धोरण आखलं आणि आमच्या बाहुल्यांच्या खेळातली नायिका नव्या सभागृहात काचेच्या कपाटात गेली.

बाईच्या बाहुलीला आमच्याकडे पाय नसतातच. तिचं डोकं माझ्याकडे असायचं, आणि माझा धाकटा भाऊ शिगेजो खाली वाकून, किमोनोच्या घेरात मुठी घालून तिला चालवायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला आणि खेळ थांबला.

“काका, पाय हरवले होते ना? नवे बसवले बघा!” नगरपालिकेतला इवाबुची घेर उचलून कौतुकाने म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काढ ते! तिचे पाय म्हणजे शिगेजोच्या मुठी!”

तो गांगरला. “काढतो, काका. पण मग घेर रिकामा लोंबेल.”

“लोंबू दे,” मी म्हणालो. “तो गेल्यापासून लोंबतोच आहे.”