शेजारच्याचं बघून काढलेली शलाका

बुधवारी चौथ्या तासाला शलाका नाण्यात गेली, तेव्हा इंदुबाई फळा पुसत होत्या.

नाणं चांदीचं, बोराएवढं. दोन हजार वर्षांपूर्वी युरोपात राहणाऱ्या केल्ट लोकांचं. मुलांना दाखवायला बाईंनी ते भावाकडून मागून आणलं होतं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. या लोकांनी परक्या नाण्याची नक्कल केली, मग नकलेची नक्कल, आणि असं करता करता घोड्याचे पाय सुटे झाले, हे त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. या नाण्यावरचा घोडा मात्र धड होता. आता त्याच्यावर स्वाराऐवजी दोन वेण्यांची शलाका बसली होती.

"बाई, तिचा गृहपाठ झाला नव्हता," शेजारची गार्गी म्हणाली.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेबाराला शलाकाची आई न्यायला येणार होती. बाईंनी नाण्यावर पातळ कागद ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून हळूहळू घासली. शलाका घोड्यासकट कागदावर आली. नाणं कोरं झालं.

"बाई, मी फार पातळ झालेय."

"जाड करू हं तुला. चाळीस कागद एकावर एक ठेवले, की झालं."

वर्ग चाळीस जणांचा आणि शलाका असलेला कागद एकच. तीस वर्षं बाई एकच वाक्य सांगत आल्या होत्या, शेजारच्याचं बघून काढायचं नाही. आज त्या म्हणाल्या, "शेजारच्याचं बघून काढा. पण लवकर."

तिसऱ्या बाकापर्यंत शलाका ठीक होती. पाचव्यावर घोड्याच्या गुडघ्यांचे ठिपके झाले. सातव्यावर पाय पोटापासून सुटले आणि खाली कुठूनसं एक चाक आलं.

"हे काय गं, रेवा?"

"माझ्याकडे असंच आलं, बाई. मी नीटच काढलंय."

बाईंना पुढचं ठाऊक होतं. पण घड्याळात बारा पंचवीस झाले होते. त्यांनी कागद गोळा केले. पहिला तळाशी, शेवटचा वर.

घंटा झाली. शलाकाची आई दारात आली. गठ्ठ्यावरून चार काड्या, एक चाक, दोन चंद्रकोरी आणि एक ठिपका उतरून तिच्याकडे गेले.

"वेण्या काय करून घेतल्यास गं?" आई म्हणाली. तिने एक चंद्रकोर हातात धरली. "बाईंना अच्छा कर."

ठिपका हलला.

ती दोघं पायऱ्या उतरली. तेवढ्यात गठ्ठ्याच्या तळाशी कागद सळसळला.

"बाई," शलाकाने विचारलं, "आई कुणाला घेऊन गेली?"

बाई खिडकीशी धावल्या. फाटकातून आईची स्कूटर बाहेर वळत होती. तिला तीन चाकं होती.