पलकचं आज्ञापत्र

जिनेंद्र बोहरांच्या पायाला आठ दिवसांपासून भिंगरी लागली होती. सकाळी परतूरच्या स्टेशनापर्यंत, तिथून धान्याच्या मोंढ्यात, मोंढ्यातून घरी, आणि घरी आल्यावर ओसरीत येरझारा. शेजारीपाजारी म्हणत, सरांना साखर निघाली असणार, डॉक्टरनं चालायला सांगितलं असणार. खरं कारण टेबलावर पडलेल्या एका कागदात होतं. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, चोवीस वर्षांच्या पलकला, जैन साध्वी व्हायचं होतं, आणि घरच्यांच्या लेखी आज्ञेशिवाय दीक्षा मिळत नाही. आई पाच वर्षांपूर्वीच गेलेली. म्हणजे सही एकाच माणसाची हवी होती.

आणि हा माणूस कोण? तर तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारा, साधू-साध्वी उतरतात त्या स्थानकाची पायरीही न चढणारा, आणि समाजाच्या पंगतीत बसून देव नाही असं ठणकावून सांगणारा. आता जैनांमध्ये जग घडवणारा देव मुळातच नाही, त्यामुळे सरांचं निम्मं भांडण फुकटचंच होतं. पण हे त्यांना सांगणार कोण? पलकला मात्र त्यांनी 'मी सांगतो म्हणून कर' असं जन्मात म्हटलं नव्हतं. पटवून दे, मी ऐकतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता पोरगी पटवायला बसली होती आणि सरांना ऐकवत नव्हतं.

चातुर्मासासाठी गावात थांबलेल्या साध्वी कार्तिकी पौर्णिमेनंतर पायी जालन्याकडे निघणार होत्या. पलकला त्यांच्यासोबत जायचं होतं. हातात चार दिवस उरले होते.

रविवारी सरांच्या ओसरीत विवेक मंडळ भरे. एकेकाळी तीस माणसं यायची, आता तीन उरली होती: सर, पलक आणि नागसेन खंदारे. नागसेन कॉलेजपासूनचा दोस्त, बौद्ध, निवृत्त तलाठी. दोघांनी पंचविशीत मंठ्याजवळ अकरा एकरांवर एक वसाहत उभी केली होती. जात नाही, देव नाही, मालकी नाही, नऊ कुटुंबांची एकच चूल. दोन वर्षांत धान्याच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली कुणाकडे राहणार यावरून सगळे पांगले. त्यातून वाचलं ते एवढं मंडळ.

मंडळाचा नियम एकच. विरोध करण्याआधी समोरच्याची बाजू आपण मांडायची, आणि तो 'बराबर' म्हणेपर्यंत मांडत राहायची. दोन्हीकडून बराबर आलं की ज्याचं आयुष्य त्याचा निर्णय. हा नियम सरांनीच घातला होता आणि आता त्यांना तो खायला उठला होता.

"जिनू, आधी तू," नागसेन म्हणाला. "पोरीची बाजू सांग. अन् खाली बस ना जरा."

सर बसले नाहीत. "मी पलक," ते चालता चालता म्हणाले. "पप्पांची वसाहत मला लहानपणापासून तोंडपाठ हाय. ती कुलपापाशी मोडली. या बायांकडं कुलूप लावायला काही न्हाईच. अंगावरचे कपडे, लाकडाची पात्रं अन् पायी चालणं. सेठची पोरगी अन् गुमास्त्याची पोरगी एका पात्रातलं खातात. पप्पा ज्याच्यामागं पळाले अन् पडले, ते इथं रोज चालून राह्यलंय. मला त्यात जायचं हाय. मोक्षाचं मंग बघू."

"बराबर," पलक लगेच म्हणाली. इतक्या लगेच म्हटलेलं सरांना मुळीच आवडलं नाही.

मग ती उभी राहिली. "मी जिनेंद्र बोहरा. पोरीचं म्हणणं मला पटलंय. आठ दिवस चूक शोधून राह्यलो, सापडत न्हाई. तिची आई गेली त्या दिवशी मी देहदानाचे फॉर्म भरत बसल्तो. लोक म्हणाले, काय खंबीर माणूस. खंबीर कशाचा? घरात ही पोरगी होती म्हणून निभलं. दीक्षेनंतर ती रस्त्यात भेटली तरी मला तिच्या डोक्यावर हात ठेवता येणार न्हाई. साध्वीला पुरुषानं हात लावायचा न्हाई, मंग तो बाप का असंना. मी जगाला सांगत फिरलो, माणसाला कशाचा आधार लागत न्हाई. मला लागतो. मला भीती वाटून राह्यली."

सरांचे पाय आठ दिवसांत पहिल्यांदा थांबले होते.

"जिनू," नागसेन हळूच म्हणाला. "बराबर का न्हाई?"

"बराबर," सर म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

पुढं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांनी कागद उचलून मोठ्यानं वाचला: 'मी माझी कन्या पलक हिला राजीखुशीने दीक्षेची आज्ञा देत आहे.' पेन उघडून त्यांनी 'राजीखुशीने' वर काट मारली आणि सही केली.

"खोटं मी लिहिणार न्हाई."

"नका लिहू पप्पा," पलक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं स्थानकात गेले. कागद पाटावर ठेवावा लागतो. पुरुषाच्या हातून साध्वी काही घेत नाहीत. साध्वींच्या प्रमुख, मोठ्या महासतीजी, यांनी तो उचलला, काट पाहिली आणि परत ठेवला.

"भाईसाब, बापाचं मन दुखवून आम्ही कुणाची लेक नेत न्हाई," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बेटा, पप्पा राजी होतील तेव्हा ये. पाच वर्षं लागली तरी लागू दे."

सरांच्या छातीतून आनंद उसळला. अगदी निर्लज्ज आनंद. सुटलो, पोर घरी राहिली! त्यांनी पलककडे पाहिलं. आता ती भांडेल, मुद्दे काढेल, मग आपणही काढू. पाचव्या वर्षापासून भाजीच्या चवीवरही वाद घालणारी पोरगी ती.

पलकनं वाद घातला नाही. "जी," म्हणाली, वाकून वंदन केलं आणि कागदाची घडी घालू लागली. सरांना लख्ख दिसलं, ही घरी येईल, चहा करील, औषधं आठवणीनं देईल आणि या गोष्टीचा शब्द पुन्हा कधी काढणार नाही.

"कोरा कागद मिळंल का?" त्यांनी विचारलं.

कुणीतरी वहीचं पान आणून दिलं. सरांनी जमिनीवर मांडी घातली आणि फळ्यावर लिहायचे तसल्या ठसठशीत अक्षरात सगळं वाक्य लिहिलं, एकही शब्द न गाळता. सही केली. पान पाटावर ठेवलं.

महासतीजींनी ते वाचलं. "हे खरं हाय ना, भाईसाब?"

"खरं आहे," सर म्हणाले.

पलकची मान झटकन वर आली. बापाच्या तोंडून खोटं तिनं आजवर ऐकलं नव्हतं, तरी ऐकताक्षणी ओळखलं. जन्मभर असत्य न बोलण्याचं व्रत घ्यायला ती निघाली होती. महासतीजींनी तिच्याकडे वळून विचारलं, "बेटा, तुला काही सांगायचंय?"

पलक बापाकडे बघत राहिली. मग तिनं नाही म्हणून मान हलवली.