डेव्हलपर द्वारकाबाई

हॅलोवॉलकडून येणाऱ्या प्रत्येक पत्राची सुरुवात आनंदाने व्हायची. 'आपल्याला कळवताना आम्हांला अतिशय आनंद होत आहे की' एवढं वाचलं, की गौतमी वानखेडे आधी पत्राचा शेवट वाचायची. २००९ साली अशी पत्रं तिला इतकी आली, की आनंद या शब्दाचीच तिने धास्ती घेतली.

हॅलोवॉल ही त्या वेळची एक सोशल साइट. तिच्यावर चालणारी छोटी छोटी ॲप बाहेरचे लोक, म्हणजे डेव्हलपर, बनवायचे. निनाद त्यांतलाच एक. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर त्याची कंपनी होती. चार खुर्च्या, तीन कॉम्प्युटर आणि एक कण्हणारा इन्व्हर्टर, एवढा पसारा. वडील विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन जयपूरला आले ते इथेच राहिले. त्यामुळे निनादचं मराठी घरापुरतं. दोन वाक्यं झाली की तो हिंदीचा हात धरायचा. कोड लिहिणारी मात्र एकटी गौतमी. ती प्रताप नगरहून स्कूटीने यायची.

त्यांच्या ॲपचं नाव 'भूल गए क्या?'. आपल्या मित्रयादीतलं कोण सहा महिन्यांपासून गप्प आहे हे ते शोधायचं आणि सांगायचं, 'अमक्याची चौकशी केलीत का?' कल्पना साधी होती, पण लोकांना लागू पडली. वर्षभरात चाळीस हजार माणसं ते वापरू लागली. जुने वर्गमित्र सापडले, कुणाची आजारपणं कळली, दोन तुटलेली लग्नंसुद्धा पुन्हा जुळली. निदान निनाद तरी तसं सांगायचा.

अडचण एकच होती. कोण गप्प आहे हे कळायला हॅलोवॉलच्या कॉम्प्युटरला विचारावं लागे, 'या माणसाने शेवटचं कधी लिहिलं?' प्रत्येक माणसामागे एक प्रश्न. हे प्रश्न विचारायच्या खिडकीला एपीआय म्हणतात. सुरुवातीला या खिडकीत कितीही विचारा, कुणी हटकत नव्हतं. जानेवारीत आनंदाचं पहिलं पत्र आलं : यापुढे तासाला दोन हजारच प्रश्न. मार्चमध्ये पाचशे. मे महिन्यात दोनशे. कारण दर वेळी एकच, 'आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून'.

गौतमीने हातपाय गाळले नाहीत. मिळालेली उत्तरं तिने साठवून ठेवायला सुरुवात केली. मग तिच्या लक्षात आलं, की जो माणूस काल बोलला तो सहा महिने गप्प असूच शकत नाही; मग त्याच्याबद्दल रोज कशाला विचारायचं? तिने तसा हिशेब कोडमध्ये बसवला आणि प्रश्न एकदम दहाव्या हिश्शावर आले. त्या दिवशी ती इतकी खूश होती, की येताना सगळ्यांसाठी कचोऱ्या घेऊन आली. पण माणसं वाढत होती आणि मर्यादा आटत होती. कोडने काढलेली वाट पंधरा दिवसांत बुजून जायची.

शेवटी निनादला एक युक्ती सुचली. "प्रत्येक डेव्हलपरला एपीआयची एक चावी मिळते ना? आणि दोनशेची लिमिट चावीवर आहे. मतलब, डेव्हलपर वाढवले की झालं!"

"सर, आपल्याकडे डेव्हलपर मी एकटी आहे."

"घरात माणसं नाहीत का?"

"हे नियमात बसतं?"

"आज बसत नसेल. पुढच्या महिन्यात नियम बदलतीलच."

त्या आठवड्यात निनादचे वडील वसंतराव आणि आई रमा डेव्हलपर झाले. दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. रविवारी दुपारी गौतमीने आपल्या घरी लॅपटॉप उघडला आणि वडिलांना, भीमरावांना, डेव्हलपर केलं. ते रेल्वेच्या मुख्यालयात हेडक्लार्क. अर्जावर कुठे सही करायची तेवढं त्यांनी विचारलं, सही लागत नाही म्हटल्यावर त्यांचा अर्जावरचा विश्वासच उडाला आणि ते आडवे झाले.

मग आईची पाळी आली. द्वारकाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. भुसावळ आणि पुढे गावोगावच्या रेल्वे कॉलन्यांत वीस वर्षं काढलेली बाई. कुणाच्या घरी काय चाललंय हे तिला पोस्टमनच्या आधी कळायचं.

"काय विचारतायत गं त्यात?"

"तुम्ही काय बनवणार आहात, असं विचारलंय. मी लिहिते काहीतरी."

"काहीतरी कशाला? माझं नाव आहे ना वर? मी सांगते."

गौतमी कंटाळली होती. आधीच्या तिन्ही अर्जांत तिने एकच वाक्य चिकटवलं होतं : 'वापरकर्त्यांच्या माहितीचं विश्लेषण'. चौथ्यांदा तेच चिकटवण्यापेक्षा आई सांगेल ते इंग्रजीत उतरवून मोकळं व्हावं असं तिला वाटलं. द्वारकाबाईंनी सांगितलं ते असं : आम्ही बदलीची माणसं. दर चार वर्षांनी गाव बदलतं आणि शेजार सुटतो. पत्र लिहिणं राहून जातं. कोण खरंच कामात आहे आणि कोण दुःखात गप्प बसलंय हे लांबून कळत नाही. खांडव्याची लता दीड वर्ष गप्प होती, आम्हांला वाटलं रागावली. तिचा नवरा गेला होता. हे वेळेवर कळावं म्हणून मला हे बनवायचंय.

लताचं नाव आल्यावर त्यांचे हात मेथीवर थांबले. गौतमीने एक शब्द न गाळता ते टाइप केलं आणि बटण दाबलं.

महिनाभर पाच चाव्यांवर ॲप छान चाललं. जुलैमध्ये पत्र आलं : 'आपल्याला कळवताना आम्हांला अतिशय आनंद होत आहे की आमची नवी यंत्रणा सारख्या मजकुराचे अर्ज ओळखू शकते.' वसंतराव, रमाकाकू आणि भीमराव यांच्या चाव्या बंद. ते वाक्य मुळात गौतमीच्याच जुन्या अर्जातलं, म्हणून तिचीही बंद. उरली फक्त द्वारकाबाईंची; त्यांचा मजकूर कुणाशीच जुळत नव्हता.

निनाद डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवशी आणखी एक पत्र आलं आणि त्याने दोन्ही हात डोक्यावरून खाली घेतले. हॅलोवॉलचे रंगनाथ नावाचे अधिकारी बंगळूरहून जयपूरला येणार होते. डेव्हलपरांचा मेळावा होता. 'श्रीमती द्वारका वानखेडे यांचा अर्ज आमच्या कार्यालयात सर्वांनी वाचला. त्यांना प्रत्यक्ष भेटण्याची आमची इच्छा आहे.'

"तू जा आई बनून," निनाद गौतमीला म्हणाला.

"सर, आईने किती बदल्यांचा संसार लिहिलाय. मी सव्वीस वर्षांची आहे."

"मग लिहू की तब्येत बरी नाही."

हे गौतमीने घरी सांगितलं, तर द्वारकाबाई भडकल्याच. "मला धडधाकट बाईला आजारी पाडतो? निमंत्रण माझ्या नावाचं आहे. मी जाणार."

मग त्यांची शिकवणी सुरू झाली. निनाद रोज संध्याकाळी प्रताप नगरला यायचा आणि सर्व्हर म्हणजे काय ते समजावायचा. "काकू, मतलब, सर्व्हर एक कॉम्प्युटर असतो, जो दुसऱ्या कॉम्प्युटरला..." इथे त्याचं मराठी संपायचं. भीमराव पलंगावरून म्हणायचे, "अगं, आमच्या ऑफिसातली चौकशीची खिडकी. आत बाबू बसलाय. तो म्हणतो, दिवसाला इतकीच माणसं, नंतर झडप बंद."

"आणि ही दोनशेची संख्या कोण ठरवतं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"साहेब."

"कशावरून?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. निनादने नाही, गौतमीने नाही आणि तीस वर्षं नोकरी केलेल्या भीमरावांनी तर अजिबातच नाही.

मेळावा विद्याधर नगरच्या एका हॉलमध्ये होता. साठ-सत्तर तरुण, प्रत्येकाच्या मांडीवर लॅपटॉप, आणि दुसऱ्या रांगेत निळ्या साडीतल्या द्वारकाबाई, मांडीवर पर्स. गौतमी शेजारी बसली होती. निनाद अगदी मागे, दाराजवळ उभा होता. तिथून निघणं सोपं होतं.

रंगनाथ पन्नाशीचे, मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पडद्यावर नवीन मर्यादांचे तक्ते दाखवले आणि प्रश्न विचारायला सांगितलं. पोरांनी अवघड प्रश्न विचारले, रंगनाथनी त्यांची अवघड उत्तरं दिली. कुणाचंच समाधान झालेलं दिसलं नाही. तेवढ्यात द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. गौतमीने पदर ओढला, पण उशीर झाला होता.

"साहब, मैं द्वारका," त्या भुसावळच्या हिंदीत म्हणाल्या; पुढचं मराठीत असं. "दोनशे का म्हणता, ते मी विचारत नाही. तुमचं घर आहे, तुम्ही ठरवा. पण दर दोन महिन्यांनी बदलता, आणि सांगता त्याच दिवशी. आमची बदली व्हायची तर रेल्वेसुद्धा आधी कागद द्यायची, सामान बांधायला वेळ द्यायची. या मुलांनी सामान कधी बांधायचं?"

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. रंगनाथ पुढे आले. "द्वारकाजी, तो अर्ज तुमचाच? कोड तुम्ही स्वतः लिहिता?"

निनादने दाराची कडी हातात धरली.

"नाही," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला ते येत नाही. कोड ही माझी मुलगी लिहिते. कुणाची चौकशी करायची आणि कशी, ते मी सांगते." मग त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. "आणि माझे यजमान अन् आणखी दोघं जण डेव्हलपर नव्हते. त्यांच्या चाव्या तुम्ही बंद केल्या ते बरोबरच केलं."

गौतमीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण रंगनाथ हसायला लागले. त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितलं, की ॲप बनवणाऱ्यांत काय बनवायचं हे ठरवणारा माणूसही धरतात, आणि त्याला त्यांच्याकडे मोठं पद आणि वेगळी केबिन असते. आठवड्याभरात पत्र आलं. आनंदाचंच, पण या वेळी खरोखरच्या. श्रीमती द्वारका वानखेडे यांच्या चावीला तासाला वीस हजार प्रश्न मंजूर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की ही सवलत व्यक्तिगत आहे आणि दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येणार नाही.

त्या बारीक अक्षरांचा अर्थ निनादच्या डोक्यात उतरायला दोन दिवस लागले. त्याची कंपनी आता एका चावीवर चालत होती आणि ती चावी त्याची नव्हती. तो मिठाईचा डबा घेऊन प्रताप नगरला गेला. द्वारकाबाईंनी त्याला पोहे दिले आणि आपलं म्हणणं सांगितलं. चौकशीच्या निरोपाखाली साबणाच्या जाहिराती नकोत. एखाद्याचा नवरा गेला असेल आणि खाली साबण, बरं दिसत नाही. एकाला एकदाच आठवण करून द्यायची, मागे लागायचं नाही. आणि ऑफिसात एक खुर्ची.

"खुर्ची कशाला, काकू?"

"लोकांची पत्रं येतात ना तुमच्याकडे? गौतमी म्हणते, कुणी वाचतच नाही. मी वाचीन."

दुसऱ्या सोमवारपासून द्वारकाबाई गौतमीच्या स्कूटीवर मागे बसून मानसरोवरला येऊ लागल्या. त्या पत्रं वाचायच्या, कुणाला फोन करायच्या, फोन ठेवताना 'जय भीम' म्हणायच्या, आणि पलीकडचा माणूस बिकानेरचा असो की कोटाचा, तोही गोंधळून 'जय भीम जी' म्हणायचा. गौतमीला आधी ऑफिसात आई म्हणजे संकटच वाटलं. घरी एकदा आणि इथे एकदा, दिवसातून दोनदा डब्याची चौकशी. पण पत्रांतून आईने काढलेल्या तक्रारी खऱ्या असायच्या आणि दुरुस्त करण्यासारख्या असायच्या. महिन्याभरात तिने निमूटपणे त्यांची यादी ठेवायला सुरुवात केली.

डिसेंबरात पुन्हा पत्र आलं. चावीवरची मर्यादाच रद्द झाली होती. यापुढे ॲप वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे वेगळे प्रश्न मिळणार होते, सगळ्या कंपन्यांना सारखेच. ॲपला लागायचे त्यापेक्षा ते कितीतरी जास्त होते. वर्षभराची धडपड, ते अर्ज, ती शिकवणी, सगळं एका परिच्छेदात निकालात निघालं. आणि द्वारकाबाईंच्या चावीला आता कसलंही महत्त्व उरलं नव्हतं.

निनादने पत्र दोनदा वाचलं, छापून घेतलं आणि कागद हातात घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेला. त्या फोनवर होत्या. त्यांनी हातानेच त्याला बसायची खूण केली. आपल्याच ऑफिसात तो पाहुण्यासारखा टोकाला टेकून बसला. दहा मिनिटांनी फोन संपला.

"काकू, वो... मतलब, तुमची चावी आता..."

"कळलं मला. गौतमीने सकाळीच वाचून दाखवलं. आता सगळ्यांनाच मोकळीक मिळाली. छान झालं." त्यांनी पुढचं पत्र उघडलं. "बरं, सोमवारची आपली पत्रांची मीटिंग अकराला घेऊ या का? दहाला आमच्या नळाला पाणी येतं."

निनादने गौतमीकडे पाहिलं. गौतमीने ताबडतोब स्क्रीनकडे पाहिलं. नवे नियम सोमवारपासूनच लागू होणार होते, आज शुक्रवार होता आणि तिच्यापुढे बदलायला ढीगभर कोड पडलं होतं.

"अकरा ठीक आहे," निनाद म्हणाला, आणि त्याने डायरीत लिहून घेतलं.