गोळ्यांची रिकामी पाकिटं

कंपनीचा माणूस रिकामी पाकिटं मागायला आला, हेच मला पहिल्यापासून खटकलं.

पांढऱ्या गाडीतून तो आमच्या गावात, मावल्यात, आला. नाव हर्षदीप, बोलणं हिंदी. त्याच्या कंपनीच्या मिरगीच्या गोळ्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या परत द्याव्यात, बदल्यात नवं पाकीट फुकट, असं तो दारोदार सांगत होता. रिकामं पाकीटही चालत होतं. उलट रिकाम्यावर तो स्टीलचा डबाही देत होता.

आमचे मालक, म्हणजे घरधनी धोंडीबा, ओट्यावर बसून म्हणाले, “भंगारवाला बटाटे देते, हा डबा देते. कंपनी लय दयाळू दिसते.”

आमच्या घरी त्या गोळ्या मालकांनाच चालू होत्या. चार वर्षं दोन्ही वेळ घेत होते आणि चार वर्षं एकही झटका आला नव्हता. दिवाळीनंतर मात्र दोन महिन्यांत तीन आले. तिसरा विहिरीच्या काठावर. आमच्या सुनेनं, रंजीतानं, हात धरला म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले की गोळ्या चुकत असतील, आणि पुढच्या झटक्याचा भरवसा नाही. गोळ्या द्यायचं काम रंजीताचं. ती शपथेवर सांगत होती की एकही चुकली नाही. मी ऐकलं नाही. चार बायकांसमोर तिला नको ते बोलले. तिनं माहेरी, गुडीहत्नूरला, भावाला फोन केला. रविवारी तो तिला कायमची न्यायला येणार होता.

डबा घेतला, घरातली पाकिटं दिली, पण माझं डोकं थांबेना. भरलेलं पाकीट परत नेलं तर समजतं, गोळी बिघडली असेल. रिकाम्यात काय उरतं? त्याच्यावर छापलेलं तेवढंच.

आम्ही भाजीवाले रिकामं पाकीट फेकत नाही. सुतळीला बांधून वाफ्यावर टांगतो. उन्हात चमकतं, मग बुलबुल टमाट्याला तोंड लावत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वावरात गेले. हर्षदीपनं दिलेलं नवं पाकीट सोबत नेलं.

मी साठीत साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकले. बोट फिरवल्याशिवाय अजून मला वाचता येत नाही. नव्या पाकिटावर मुदत संपायची तारीख काळ्या शाईत होती, २०२७ ची. टांगलेल्यांवरची शाई उन्हानं आणि दवानं उडून गेली होती. तरी बोटाला काहीतरी लागलं. पाकीट तिरपं धरलं. पाकिटाच्या चंदेरी पत्र्यात दाबलेले, मग कशानं तरी चेपून बसवलेले आकडे दिसले. २०२२. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तेच. मग नव्या पाकिटावरची शाई नखानं खरवडली. तिच्याखालीही २०२२.

मी पलीकडच्या वाफ्यातल्या रंजीताला हाक मारली. तिनंही बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हंजे मी रोज मेलेली गोळी देऊन राह्यली होती.”

तेवढ्यात बांधाजवळ गाडी थांबली. रस्त्यावरून हर्षदीपला चमक दिसली असणार. मी नवं पाकीट कमरेला खोचलं. त्याचा ड्रायव्हर चाकू घेऊन सरळ वाफ्यात शिरला आणि सुतळ्या कापू लागला. रंजीता पुढं झाली. मी तिचं मनगट दाबलं.

“साहेब, खाली पाकीट का क्या करते?” मी विचारलं.

“कंपनी का नियम है, माताजी.” तो हसत होता, पण डोळे माझ्या बोटांवर होते. शाईनं नख काळं झालं होतं. मी हात मातीत घातला आणि निंदायला लागले.

“फिर बुलबुल कौन भगाएगा?”

तो मोठ्यानं हसला. आणखी दोन डबे बांधावर ठेवले, सगळी पाकिटं पोत्यात भरली आणि गेला.

घरं त्यानं पिंजून काढली होती. पण दिवाळीनंतर मीच मूठभर पाकिटं तलमडुगूच्या रस्त्याला वावर असलेल्या रामाजीला दिली होती, त्याच्या पालकावर चिमण्या बसत होत्या म्हणून. आम्ही दोघी तिकडं धावलो. सतरा पाकिटं मिळाली. ती आणि कमरेचं नवं पाकीट त्याच स्टीलच्या डब्यात भरून आदिलाबादला औषध निरीक्षकाकडे नेली.

निरीक्षकानं भिंग लावून पाहिलं आणि आम्हाला समजावून सांगितलं. मुदत संपलेला माल दुकानांतून कंपनीकडे परत जातो, तो जाळायचा असतो. कंपनीनं तो कागदावर जाळला आणि नवी तारीख मारून आमच्यासारख्या गावांत विकला. तक्रारी सुरू झाल्या तेव्हा पाकिटं गोळा करायला माणसं पाठवली, आणि बदल्यात पुन्हा तसलाच माल वाटला. निरीक्षकानं डबा कुलुपात ठेवला आणि आमचा जबाब घेतला. डॉक्टरांनी त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली.

रविवारी रंजीताचा भाऊ आला. मी त्याच चार बायकांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं की चूक माझी होती. रंजीता आत गेली. मला वाटलं, पिशवी आणायला गेली. ती पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या कंपनीच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन बाहेर आली. पाकीट माझ्या हातात ठेवलं.

“आत्याबाई, आजपासून पयले तुमी वाचा. मंग मी देतो.”

मी बोट फिरवू लागले. पुढून, मागून, पुन्हा पुढून. भावाचा चहा निवला.

“अवं, लवकर वाच,” मालक म्हणाले, “नाहीतर वाचता वाचताच तारीख निघून जाईन.”