न बांधलेलं यंत्र

"बाबा, तुमी म्हणत होते ते नोकरी घेऊन घेतो मी," मुंबईहून घरी आलेला गुलाब ताटात भात कालवता कालवता म्हणाला, आणि चंपतच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला.

याच वाक्याची चंपत कितीतरी वर्षं वाट पाहत होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या गेटवर तो पहारेकरी होता. बायको गिरजाबाई वारल्यापासून सेक्टर सहामधलं क्वार्टर त्याला खायला उठे. मुलगा मुंबईच्या एका विज्ञानसंस्थेत नेमकं काय करतो, हे त्याला कुणाला धड सांगता येत नसे. कारखान्यात असता तर निदान ड्युटी संपल्यावर घरी तरी आला असता. म्हणून भरती कचेरीतल्या हिरालालबाबूंच्या मागे लागून लागून त्यानं पोराचं नाव तिथं घालून ठेवलं होतं. आता सोमवारी येऊन भेटा, असा निरोपही आला होता. आनंदाच्या भरात त्यानं गुलाबच्या भातावर वरण जरा जास्तच ओतलं.

पण पोरगा मान वर करेना.

"कावून रे? तिकडं कोणी काही म्हटलं का?"

"कोणी काही नाही म्हटलं. मलेच जमून नाही राहिलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लोहचुंबकांचं मोठं कडं बांधायचं, त्यात हवा काढून टाकलेली नळी बसवायची आणि त्या नळीतून डोळ्यांना न दिसणारे विजेचे कण गरगरा फिरवत ठेवायचे, असं ते यंत्र. गुलाब त्याचं गणित करत होता.

"थोडे कण असले तं मस्त फिरते, बाबा. पन थोड्यानं भागत नाही, गर्दी पाहिजे. अन् गर्दी झाली का सगळे एकमेकाले ढकलते. तुमच्या गेटवर शिफ्ट सुटल्यावर सायकलवाल्यांचं होते ना, तसं. झुंड फुगते अन् नळीच्या भिंतीवर आदळते. चुंबकानं इकडून आवळलं तं तिकडून फुगते. गणित काही केल्या बसून नाही राहिलं."

"मंग यंत्र मोडलं का काय?"

"यंत्र हायच कुठं? अजून बांधलंच नाही. कागदावर हाय सगळं." गुलाब कसनुसं हसला. "जे नाहीच, त्याच्यासाठी जवानी घालवून राहिलो मी."

चंपतला यातलं ओ की ठो कळलं नाही. कळलं ते एवढंच, की पोरगा घरी येतोय तो हरून येतोय. असं तोंड त्यानं पूर्वी पाहिलं होतं. छप्पन साली भंडाऱ्याकडून तो इथं आला, तेव्हा कारखाना नव्हताच; उघड्या माळावर नुसत्या चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. ही भट्टी, हे गोदाम, हा दरवाजा. चंपतची पहिली नोकरी म्हणजे त्या रेघा राखणं. शेळ्या हाकलायच्या आणि माणसांना रेघ ओलांडू द्यायची नाही. भिंत नसली म्हणून काय झालं, दारातूनच आत यायचं, हा त्याचा हेका. लोक हसत, शिव्या घालत आणि मुकाट्यानं वळसा घेऊन दारातून येत. पण कामावर आलेली बरीच माणसं, इथं काय होणार कप्पाळ, म्हणत गाठोडं उचलून गावी परतली. त्यांची तोंडं अशीच दिसत.

त्यानं ते सगळं गुलाबला सांगितलं. "नसलेल्या भिंती राखल्या रे मी, बाप्पा. लोकं मले येडा म्हणत. तू माह्याच वळणावर गेला."

"अन् नाहीच जमलं तं?"

"नाही जमलं तं ये. घर तुयंच हाय. पन आता असं तोंड घेऊन नको येऊ." खरं तर चंपतला पोरगा घरी हवाच होता. "मायी काळजी नको करू. मी ठीक हाय."

हे धडधडीत खोटं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. गुलाबनं आणखी भात मागितला.

रविवारी दुर्ग स्टेशनवर "जय भीम, बाबा" म्हणत गुलाब मुंबईच्या गाडीत चढला. सोमवारी चंपत एकटाच कचेरीत गेला.

"पोट्टं कुठं हाय?" हिरालालबाबूंनी विचारलं. बाबू गोंदियाकडचे, बोलायला मोकळे.

"मुंबईले गेलं. त्याचं नाव काढून टाका, बाबूजी."

बाबू भडकले. "इतके वर्सं माह्यं डोकं खाल्लं, अन् आता काढून टाका? असी नोकरी पुन्हा भेटन का? काय करते तो तिकडं एवढं?"

"यंत्राचं काम हाय."

"कुठं हाय यंत्र?"

"अजून नाही."

बाबूंनी कपाळाला हात लावला. "मंग पोट्टं परत कधी येईन?"

"तेबी अजून माहीत नाही," चंपत म्हणाला आणि ताठ उभं राहून त्यानं सलाम ठोकला.

बाहेर येऊन तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला. बुटाची नाडी बांधायला म्हणून खाली वाकला, तो वाकलेलाच राहिला. गेटवरचा त्याचा सोबती दयाराम ड्युटीवर निघाला होता. तो जवळ येऊन थांबला.

"काय झालं, चंपत? बूट चावते का?"

"हो," मान वर न करता चंपत म्हणाला. "लय चावते."