दोन बादल्या पाणी

संघमित्राचं पत्र आलं तेव्हा चिंतामणी पेडणेकरांनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं. त्याला दोन महिने उलटून गेले होते. उत्तर काही गेलं नव्हतं.

पत्रात अवघड असं काहीच नव्हतं. पेडणेकर साबण कंपनीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा संघमित्रा त्यांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून आली होती. आता तिने शिवडीला एका गोदामाच्या कोपऱ्यात स्वतःचा छोटासा कारखाना काढला होता. भांड्यांचं लिक्विड, फरशीचं लिक्विड, असला माल. ‘सर,’ तिने लिहिलं होतं, ‘माझी माणसं माल ढवळतात चांगला, पण तो बिघडला की का बिघडला ते कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. आठवड्यातून तीन दिवस याल का? फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही बघू म्हणाल, आणि तुमचं बघू मला माहीत आहे. हो की नाही ते एका ओळीत लिहून पाठवा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत मला माणूस हवा, नाहीतर दुसरं कोणी शोधावं लागेल.’

एका ओळीचं काम. पण ‘हो’ने सुरू केलेलं पत्र दुसऱ्या वाक्यात ‘परंतु’पाशी अडायचं आणि ‘नाही’ने सुरू केलेलं ‘तथापि’पाशी. जावंसं तर फार वाटत होतं. घरात बसून ते विटले होते. पण आपल्याला येतं काय, हा प्रश्न काही सुटत नव्हता. उभी नोकरी त्यांनी बरण्यांतले नमुने तपासण्यात आणि अहवाल लिहिण्यात घालवली होती. चालत्या कारखान्यात, ढवळणाऱ्या माणसांसमोर ते कधी उभे राहिलेच नव्हते. कंपनीत लोक त्यांना प्रोफेसर म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

शिवाय नलूताई होती. त्यांची थोरली बहीण. दोघांचीही लग्नं राहून गेलेली आणि लालबागच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या एका खोलीत दोघांचा संसार. ताईचे गुडघे दुखत. तिला एकटीला टाकून कसं जायचं, असं ते स्वतःला बजावत. ताईला मात्र त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

“काय म्हणते तुझी संघमित्रा?” पत्र पोस्टमनकडून ताईनेच घेतलं होतं, तेव्हा तिने विचारलं होतं.

“असंच.”

“असंच पत्र कोण लिहितं रे हल्ली? असंच तर कोणी फोनसुद्धा करत नाही.”

गणपती तोंडावर आले आणि शेजारची वैदेही परब दारात उभी राहिली. वैदेही चाळीतली सून, हाताला आणि जिभेला सारखीच चपळ. गौरी-गणपतीत घरोघर भांड्यांचे ढीग पडतात, तेव्हा चाळीतल्या बायकांनी मिळून भांड्यांचं लिक्विड बनवायचं आणि आजूबाजूला विकायचं, असं तिने ठरवलं होतं.

“काका, टेन्शन नॉट. मी सगळे व्हिडिओ बघितलेत. प्रिन्सेस स्ट्रीटवरून फेसाची पेस्ट आणलीय, रंग आणलाय, लिंबाचा वास आणलाय. तुम्ही साबणातले ना? तुम्ही फक्त उभे राहा.”

गॅलरीत मंडपाचं सामान भरलेलं. नळाला लागून आणि तळमजल्यावर खोली एकच, पेडणेकरांची. तेव्हा निळा ड्रम तिथेच आला. नलूताईने कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही.

पेडणेकरांनी त्या रात्री मनाशी एक सौदा केला. हा माल जमला, तर संघमित्राला हो. फसला, तर नाही. निवाडा त्यांनी ड्रमवर सोपवला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

सकाळी वाचनालयातून परत येतात तो खोलीत बायकांची गर्दी, आणि वैदेहीने सगळी पेस्ट आधीच ड्रममध्ये ओतून ठेवलेली. पांढरी, चकचकीत, मधासारखी वाहणारी पेस्ट.

पेडणेकर दारातच थबकले. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात पेस्ट थोडी थोडी सोडायची. पेस्टवर पाणी ओतायचं नाही. हे त्यांनी स्वतः एका अहवालात लिहिलं होतं.

“म्हणजे… खरं तर…”

“काय, काका?”

सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. नळाचं पाणी जायची वेळ झालेली. ही पेस्ट पुन्हा बाहेर काढा, असं सांगायचं तर केवढा खटाटोप.

“चालेल,” ते म्हणाले.

पहिली बादली ओतली. वैदेहीने लाकडी दांड्याने ढवळायला सुरुवात केली. दुसरी ओतली आणि दांडा जड झाला. मग आणखी जड. मग वैदेहीने हात सोडला आणि दांडा आपला सरळ उभाच राहिला.

वरच्या मजल्यावरच्या मीराबाई वाकून बघत होत्या. “अगे बाये,” त्या म्हणाल्या, “ह्यो तर खरवस झालो!”

बायका हसल्या. वैदेही हसली नाही. “काका, पाणी घातलं की पातळ होतं ना? बेसिक आहे हे.”

“थांबा,” पेडणेकर म्हणाले. “आता आणखी पाणी नको. हात लावू नका. बघू.”

काय झालं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. या पदार्थाचा प्रत्येक कण म्हणजे एक डोकं आणि एक शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला ते नजरेसमोर नको. मग हे कण आपले आपण जुळून बसतात, शेपट्या आत दडवून आणि डोकी बाहेर काढून. कोणी बसवावं लागत नाही. पेस्ट दाट असते तेव्हा त्यांचे थर असतात, गाद्यांच्या थप्पीसारखे. थरावरून थर घसरतो, म्हणून पेस्ट वाहते. पाणी भरपूर असलं की त्यांचे बारीक बारीक गोळे होतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे सुटे, आणि तेही वाहतात. पण मधे एक जागा आहे. तिथे थर मोडून लांब कांड्या होतात आणि त्या उदबत्तीच्या पुड्यासारख्या एकमेकींना चिकटून, ठासून उभ्या राहतात. सहा बाजूंनी सहा जणी. मग कोणालाच हलता येत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी ही अवस्था कितीदा पाहिली होती. खास भिंगांतून तिच्यात मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षी दिसायची. जेवणाची सुट्टी विसरून ते बघत बसायचे. ती घरात, ड्रमभर, कशी असते ते मात्र त्यांनी आज पाहिलं.

हे सगळं त्यांनी वैदेहीला सांगायला घेतलं. उदबत्तीच्या पुड्यापर्यंत पोचले तोवर बायका आपापल्या घरी गेल्या होत्या.

गणपती बसले. गल्लीत बांबू ठोकले गेले, दर्शनाची रांग चाळीच्या दारावरून वळली आणि पेडणेकरांचं वाचनालय बंद झालं. जायचं तर अख्ख्या गर्दीच्या उलट्या दिशेने जावं लागे. धक्के मारत वाट काढणं त्यांना कधी जमलं नव्हतं. ते घरात, ताई घरात आणि ड्रम घरात. कॉट, कपाट आणि मोरी यांच्यामध्ये जी काही जागा होती ती ड्रमने घेतली होती. जेवताना ड्रम समोर, वाचताना ड्रम शेजारी. पेडणेकर अधूनमधून झाकण उचलून पाहत. दांडा होता तसाच उभा.

गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. वैदेही दारात आली. “काका, बायका मला विचारतात. फेकून देऊ का?”

“गटारात गेलं तर फेस वर येईल. पार मंडपापर्यंत.”

“येऊ दे,” आतून नलूताई म्हणाली. “समुद्रमंथनाचा देखावा होईल फुकटात. मंडळाला बक्षीस मिळेल.”

वैदेहीला हसू आलं, पण ती ते दाबून तशीच निघून गेली. ते पेडणेकरांना जास्त लागलं. त्यांनी वही उघडली आणि ‘प्रिय संघमित्रा, नाही’ एवढं लिहिलं. पुढे ‘तथापि’ आलं. वही मिटली.

आणखी पाणी घालावं, हे त्यांच्या मनात येत नव्हतं असं नाही. पण दोन बादल्यांनी एवढं घट्ट झालं, तिसरीने काय होईल? सगळ्यात घट्ट जागा मागे पडली की अजून पुढेच आहे, हे इथे कशावरून ठरवायचं? हाताशी ना उपकरण ना कोणी विचारायला.

त्या दुपारी बाहेर ढोल चालू होते. नलूताई मोरीत जायला उठली आणि ड्रम आणि मोरीच्या कठड्यामध्ये आडवी शिरली. रोज शिरायची. आज गुडघा वळला नाही आणि ती अडकली.

“चिंत्या!”

ते धावत आले. “ताई, श्वास सोड जरा.”

“श्वास सोडला तर मी बारीक होईन की जाड, ते आधी तुझ्या पुस्तकात बघ.”

“मी… इकडून ओढू का? गुडघ्याला लागेल. तिकडून ढकललं तर कठडा…”

“अरे, बघत काय उभा राहिलास?” ताईचा आवाज चढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दुखण्याचं की रागाचं कोण जाणे. “एक तर आत ढकल नाहीतर बाहेर ओढ! मधे ठेवू नकोस मला!”

पेडणेकरांनी ड्रमला खांदा लावला. ड्रम हलला, वीतभरच, पण हलला. ताई मोरीत गेली. मग पडद्यामागून ती म्हणाली, “लागलं नाही फार. त्या मुलीला काय कळवलंस?”

“कोणत्या?”

“मेल्या, तुला पत्र लिहिणाऱ्या मुली चाळीस आहेत काय?”

“काही नाही कळवलं. तुला एकटीला टाकून…”

“माझं नाव घालू नकोस त्यात.” पडदा सरला. ताई भिंतीला धरून उभी होती. “तू नोकरीला जायचास तेव्हा मी दुपारी रेडिओ लावून झोपायचे. आता तू पानं उलटतोस समोर बसून. त्या फरफरीने झोपच येत नाही मला. दहा वर्षं झाली.”

त्यांनी बादली उचलली, पिंपातून भरली आणि ड्रममध्ये ओतली. पाणी वर नुसतं तरंगत राहिलं. दुसरी ओतली. काही नाही. तिसरी, चौथी. पिंप तळाला गेलं. दांडा हलवून पाहिला, हलला नाही. त्यांनी झाकण लावलं.

आवाज ऐकून वैदेही आली होती. “काका, अजून पाणी?”

“हो. संध्याकाळी नळ आला की आणखी घालायचंय.”

“होईल ना पण?”

“होईल. कधी ते मला माहीत नाही.”

हे वाक्य आपण इतक्या सहज बोललो, याचं त्यांना जरा नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी दांडा कलंडलेला होता. कडेने माल सुटला होता, आवळ्याएवढे गुळगुळीत खडे त्यात पोहत होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी खडे सुपारीएवढे झाले. ढवळायचं नाही, नुसतं थांबायचं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. शेवटी मीठ घालून थोडा दाटपणा आणायचा होता. वैदेही अख्खी पिशवी फोडून उभी.

“घालू?”

“नको,” पेडणेकर म्हणाले. “मुठीने घाल. मीठ प्रमाणाबाहेर गेलं की उलटं पातळ होतं.”

“यात काहीच सरळ नाही का हो, काका?”

“नाही.”

तरी माल काही देखणा झाला नाही. जरासा गढूळ, तळाशी न विरघळलेला चिखल. वरचा गाळून बाटल्यांत भरला. त्यातल्या बऱ्याच खपल्या, काही परत आल्या. तळचा चाळीनेच आपापल्या भांड्यांना वापरला. मीराबाईंनी आपली सगळ्यात काळी कढई घासून आणून दाखवली आणि परत नेली.

पेडणेकर रिकाम्या ड्रमशेजारी बसले. हे जमलं म्हणायचं की फसलं? दोन्ही म्हणता येत होतं. ड्रमने निवाडा दिलाच नव्हता. आता कोणाला विचारायला जागा उरली नव्हती.

त्यांनी वही घेतली.

‘प्रिय संघमित्रा, हो. तू विचारलेली गोष्ट मला येते की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. गेल्या पंधरवड्यात मी पेस्टवर पाणी ओतू दिलं. मग ती घट्ट झाल्यावर घाबरून पाणी थांबवलं आणि माल नेमका मधे अडकवून ठेवला. दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. तरी चालणार असेल तर विसर्जनानंतरच्या मंगळवारपासून येतो. तू दुसरं कोणी शोधलं असशील तर कळव, मला वाईट वाटणार नाही.’

शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली. ती खोटी होती. ‘मला वाईट वाटणार नाही’ एवढं त्यांनी खोडलं. मग खोडाखोड दिसते म्हणून पत्र पुन्हा उतरवून काढावं असं वाटलं. मग उतरवलं नाही.

पोस्टाची पेटी रांगेच्या पलीकडे होती. बांबूपाशी मंडळाच्या पोराने अडवलं. “आजोबा, लाइन तिकडून.”

“मला दर्शन नको रे. पत्र टाकायचंय.”

“आज? दोन दिवसांनी टाका की, गर्दी ओसरल्यावर.”

पेडणेकर क्षणभर थांबले. मग खाली वाकले आणि बांबूखालून रांगेत शिरले. पुढून एक पाठ, मागून एक पोट, दोन्ही बाजूंनी कोपरं. पाय उचलायची सोय नव्हती, हातही खाली येत नव्हता. पत्र त्यांनी डोक्यावर धरलं होतं. गर्दीने त्यांना पेटीसमोरून पुढे नेलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी अनोळखी माणसाला खांद्याने ढकललं. “अहो आजोबा!” तो माणूस ओरडला. ते “सॉरी, सॉरी” म्हणत राहिले आणि ढकलत राहिले.

पेटीला पोट टेकलं तेव्हा त्यांनी पत्र फटीत सोडलं. ढोलांमुळे पडल्याचा आवाज आला नाही. आत गेलं की मधेच अडकलं? त्यांनी दोन बोटं फटीत घालून चाचपून पाहिलं. बोटांना काही लागलं नाही.